बोटीवर गेलेल्या माणसाचा शोध

जव्हारच्या सनसेट पॉइंटवर उभं राहिलं की पश्चिमेला डहाणूच्या महालक्ष्मीचा सुळका दिसतो. समुद्र त्याच्याही पलीकडे. तरीही या डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या घरात ‘आमचे पणजोबा लढाईत बोटीवर गेले, ते परत आलेच नाहीत’ एवढंच एक वाक्य उरलं असेल, तर त्या वाक्यामागचा माणूस शोधता येतो. समुद्रात गेलेल्याची समाधी नसते, कागदावरचं नाव हीच त्याची खूण. म्हणूनच हा शोध मनापासून करावा. आणि तो लंडनपासून नव्हे, घरापासून सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी ट्रंक, मग तलाठी

घरातल्या सगळ्यात वयस्क बाईंना विचारा. ‘पणजोबा कसे वारले?’ असं विचारलं तर बहुधा डोळे भरून येतात आणि बोलणं तिथंच थांबतं. त्यापेक्षा ‘आत्या, आजीला मनीऑर्डर कुठून यायची गं?’ असं विचारावं. पेन्शनचे पैसे, ते आणायला कोण जायचं, अंगठा कुठे लावला, हे बायकांच्या पक्कं लक्षात असतं. त्यातूनच कचेरीचं नाव निघतं.

मग ट्रंक उघडा. दुसऱ्या महायुद्धातलं पदक सापडलं तर त्याची कड उजेडात तिरपी धरून पाहा. भारतीय सैनिकांच्या पदकांवर कडेला नंबर, हुद्दा, नाव आणि दलाची आद्याक्षरं ठोकलेली असत. तो नंबर हाती आला की अर्धं काम झालं. पदक चिंचेने किंवा राखेने घासून लख्ख करू नका, त्यात हीच बारीक अक्षरं झिजतात.

गावात मृत्यूची नोंद असते ती गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे जुन्या कोतवाल बुकात. पण समुद्रात वारलेल्या माणसाची नोंद तिथे मिळेलच असं नाही. जमीन नावावर असेल तर वारसाचा फेरफार जास्त उपयोगी पडतो. त्यात मयताचं पूर्ण नाव, वारस आणि त्यांची वयं मिळतात. मात्र फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख समजू नये. माणूस परत येईल या आशेवर घरच्यांनी वर्षानुवर्षं वारस लावलेला नसतो. जमीनच नसलेल्या घरांसाठी शाळेचं जनरल रजिस्टर हा आधार.

दोन तालुके, दोन राज्यं

आज जव्हार आणि मोखाडा शेजारचे तालुके आहेत. लढाईच्या काळात जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान होतं, तर मोखाड्याचा भाग ब्रिटिश अमलातल्या ठाणे जिल्ह्यात होता. संस्थान १९४८ साली विलीन झालं. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्यामुळे जुन्या यादीत ‘पालघर’ शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. ‘ठाणा’ शोधा, ‘जव्हार स्टेट’ शोधा. जव्हारचं इंग्रजी स्पेलिंगही कुठे डब्ल्यूने, तर कुठे व्हीने केलेलं आढळतं. जुने कागद मोडीत असतील तर मोडी वाचणारा गाठावा लागेल. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात याबाबत विचारता येतं.

नेव्ही की आगबोट?

घरात ‘नेव्हीत होते’ म्हणतात, पण माणूस व्यापारी आगबोटीवर खलाशी असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. मुंबई आणि चितगाव इथल्या १९३९-४५ च्या स्मारक-पुस्तकांत रॉयल इंडियन नेव्हीचे चारशेहून अधिक नौसैनिक आहेत, आणि व्यापारी नौदलाचे सुमारे सहा हजार. हे आधीच ठरवलं नाही तर वर्षभर चुकीच्या दारात उभं राहायची वेळ येते. नौदलाच्या नाविकांची कागदपत्रं मुंबईत मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतात. फाळणीत नौदलही वाटलं गेलं आणि कराचीची प्रशिक्षण केंद्रं पाकिस्तानात गेली. पत्रांवर कराचीचा शिक्का दिसला तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

बोट बुडाली, पण कशाने?

कुटुंबाला सगळ्यात जास्त हवं असतं ते याचं उत्तर, आणि सगळ्यात जास्त घोटाळाही इथेच असतो. गस्ती जहाजांची दोन उदाहरणं पाहा.

एचएमआयएस पठाण हे १९१८ साली बांधलेलं, पहिल्या महायुद्धाच्या काळातलं गस्ती जहाज. इटली युद्धात उतरली १० जून १९४० रोजी, आणि २३ जूनला पठाण बुडालं. अनेक याद्यांत ते गॅल्वानी या इटालियन पाणबुडीने बुडवल्याचं लिहिलेलं असतं. दुसऱ्या नोंदींत ते मुंबईजवळ स्फोट होऊन बुडाल्याचं आहे. गॅल्वानीला ब्रिटिशांच्या फाल्मथ जहाजाने २४ जूनला ओमानच्या आखातात बुडवलं. ते आखात मुंबईपासून जवळजवळ दीड हजार किलोमीटरवर आहे. तेव्हाची पाणबुडी पाण्यावरून पूर्ण वेगाने धावली तरी दिवसभरात साडेसातशे किलोमीटरच्या आसपास जाई. म्हणजे पठाण मुंबईजवळ बुडालं असेल, तर ते गॅल्वानीचं काम असणं अशक्य ठरतं. एक नकाशा आणि दोन तारखा शेजारी ठेवल्या की हे कुणालाही कळतं. म्हणून एका यादीवर विसंबून घरातल्या तसबिरीखाली ‘टॉर्पेडोने वीरगती’ असं लिहू नये.

एचएमआयएस प्रभावतीची हकिगत तर काळजाला घरं पाडणारी. हे सहायक गस्ती जहाज दोन बार्ज ओढत कराचीकडे निघालं होतं. जपान युद्धात उतरून दोनच दिवस झाले होते. ९ डिसेंबर १९४१ रोजी अंधारात बार्जना लागून उभं असलेलं हे जहाज ब्रिटिशांच्याच ग्लासगो या क्रूझरला पाण्यावर आलेल्या जपानी पाणबुडीसारखं दिसलं. सुमारे साडेपाच किलोमीटरवरून सहा इंची तोफा डागल्या गेल्या आणि प्रभावती बुडाली. ‘शत्रूने मारलं’ असं ऐकत मोठ्या झालेल्या नातवाला हे वाचणं जड जाईल. तरीही त्याला ते कळायलाच हवं, असं मला वाटतं. त्या खलाशांनी चूक केली नव्हती. ते आपल्या कामावर होते.

अशा घटनांचा तपशील दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात ॲडमिरल्टीच्या, म्हणजे ब्रिटिश नौदल खात्याच्या, कागदांत शोधावा. रॉयल इंडियन नेव्हीचा अधिकृत इतिहास १९६४ साली छापला गेला, तोही चाळावा. जहाज बुडाल्याची तारीख आणि माणूस वारल्याची तारीख निरनिराळ्या असू शकतात. जखमी होऊन इस्पितळात गेलेला माणूस दुसऱ्याच यादीत सापडतो.

मशीद बंदरचं पुस्तक

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी संगणकावर फुकट पाहता येते. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू तिच्यात घेतलेले आहेत. नावावरून काही सापडलं नाही तर जहाजाचं नाव आणि तारीख टाकून शोधावं. आपल्याकडचं नाव-वडिलांचं नाव-आडनाव इंग्रज कारकुनाने कसंही तोडलेलं असतं. वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, आडनाव गायब, असं सर्रास दिसतं.

मुंबईचं स्मारक-पुस्तक मशीद बंदरला, इंडियन सेलर्स होममध्ये आहे. आधी विचारून जावं. सोबत नावाची तीन-चार स्पेलिंगं लिहिलेला कागद आणि फेरफाराची नक्कल असावी. नाव चुकलेलं असेल किंवा गाव लिहिलेलं नसेल, तर पुराव्यासह कमिशनला कळवता येतं आणि नोंद दुरुस्त होते. वडिलांचं नाव, बायकोचं नाव, गाव, तालुका, असा मजकूर त्या नोंदीत जोडतात. गाव मोखाड्याचं असेल तर ‘ठाणा’ लिहावं आणि पुढे आजचा पालघर जिल्हाही लिहावा, म्हणजे पुढच्या नातवाला तो सापडेल.