काश्मीरमधील घराचे छप्पर

काश्मीर खोऱ्यातील जुन्या घरांची छपरे मातीची असत. उतरत्या लाकडी फळ्यांवर भूर्ज वृक्षाच्या सालीचे, म्हणजे आपल्या परिचयाच्या भूर्जपत्राचे, थर अंथरीत आणि त्यांवर माती पसरीत. साल पाणी अडवी, माती थंडी. वसंतात या छपरांवर गवत आणि फुलेही उगवत.

पुढे या मातीची जागा बहुतांशी पन्हाळी पत्र्याने घेतली. हा बदल अनाठायी नव्हता. मातीचे जड छप्पर भूकंपात घातक ठरते; पत्रा हलका असतो व त्याच्या तीव्र उतारावरून बर्फ घसरून जातो. ताज्या, भुसभुशीत बर्फापेक्षा दबलेला, ओला बर्फ कितीतरी पट जड असतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

परंतु पत्रा ऊब धरीत नाही. घरातील उष्णता वर गेली की बर्फाचा तळाचा थर वितळतो. ते पाणी थंड वळचणीशी पोचताच पुन्हा गोठते व तेथे बर्फाचा बांध तयार होतो. मागे तुंबलेले पाणी मग जोडांतून घरात झिरपते. अशा वेळी केवळ पत्रे बदलणाऱ्यास पुढील हिवाळ्यात तोच अनुभव येतो. कारण दोष पत्र्याखालच्या माळ्यात असतो.

म्हणून जुने पत्रे उतरविल्यावर प्रथम कुजलेले वासे बदलावेत. माळ्याच्या तळावर काचतंतूंचा जाड थर द्यावा, म्हणजे ऊब खालीच राहील. वरच्या पोकळीत मात्र बाहेरची हवा खेळती ठेवावी. पत्रा थंड राहिला, तरच बर्फ अवेळी वितळत नाही. हे सारे हिमवर्षावापूर्वी आटोपावे. उतारावर बर्फ रोखणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्याही बसवाव्यात, अन्यथा साठलेला बर्फ एकाएकी कोसळून खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेततो.