फुकटाच्या सोहळ्याचे 2,000 रुपये

बडोदा असो, इंदूर असो की हैदराबाद, सुट्टीत अमृतसरला जाणारे तुमच्यात बरेच असतील. तिथे माझी झाली ती फजिती तुमची होऊ नये, म्हणून आजचा विषय.

अमृतसरहून अटारीची सीमा सुमारे 30 किलोमीटर. सूर्यास्ताच्या सुमारास ध्वज उतरवण्याचा सोहळा तिथे 1959 पासून चालत आला आहे. हॉटेलबाहेर एका गाडीवाल्याने ‘व्हीआयपी पास, माणशी 500’ सांगितले. आम्ही चौघे. मी 2,000 मोजून मोकळा झालो. गेटवर सीमा सुरक्षा दलाचा जवान म्हणाला, “सर, इथे तिकीटच नसतं.” नातवाने विचारलं, “आजोबा, तुम्ही तर फौजेत होतात ना?” पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

चूक माझीच. फौजेत आधी रेकी, मग कूच. मी रेकीच केली नाही. तुम्ही एवढं करा:

1. निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळ बघा. अटारीच्या जागेची नोंदणी सीमा सुरक्षा दलाच्या संकेतस्थळावर मोफत होते.

2. गाडीचं भाडं वेगळं आणि प्रवेशाचे पैसे वेगळे विचारा. दोन्ही एकत्र सांगितले की समजा, पाणी मुरतंय.

3. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत 15 वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. मुलांचे पैसे कुणी मागितले तर थेट तिकीट खिडकीवर जा.

जिथे दाम लागतो तिथे खुशाल द्या. पण जवानांचा सोहळा दलालाकडून विकत घेऊ नका. जय हिंद.