साटेमिन : वर्तुळात वसलेलं गाव

उत्तर जर्मनीच्या नकाशावर हॅम्बुर्ग आणि बर्लिन यांच्या साधारण मधोमध, एल्ब नदीच्या दक्षिणेला वेंडलँड नावाचा मुलूख आहे. जमीन वाळूची, जंगलं पाइनची, वस्ती विरळ. ल्यूशो-डाननबेर्ग या इथल्या जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे १,२२० चौरस किलोमीटर आहे आणि एवढ्या पसाऱ्यात जेमतेम ५० हजार माणसं राहतात. मोठी कारखानदारी नाही, द्रुतगती महामार्ग नाही. पण खेड्यांच्या रचनेत ज्याला रस आहे त्याच्यासाठी युरोपात याच्या तोडीचा दुसरा मुलूख क्वचितच सापडेल. इथली जुनी गावं गोल आहेत आणि तशी शंभराच्या आसपास गावं आजही ओळखू येतील इतकी शाबूत आहेत. जर्मन भाषेत अशा गावाला रुंडलिंग म्हणतात. साटेमिन हे त्यातलं एक मोठं आणि देखणं गाव.

ल्यूशो शहरातून पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात साटेमिन येतं. लांबून ओकची झाडं आणि कौलारू छपरं तेवढी दिसतात, गावाच्या आकाराचा अंदाज येत नाही. झाडीतून आत शिरणारी वाट एका मोकळ्या पटांगणात येऊन संपते. या पटांगणाभोवती घरं गोलाकार उभी आहेत आणि प्रत्येकाचं तोंड आत, पटांगणाकडे. जुन्या रचनेत गावात यायला आणि गावातून जायला हीच एक वाट. वाटेवर पुढचं गाव नाही, त्यामुळे वाटसरू गावातून आरपार जातच नाही. इथे यायचं ते या गावाकडेच काम असेल तर.

घरांमागची जागा पाहिली की आखणी आणखी स्पष्ट होते. प्रत्येक कुटुंबाचं आवार पाचरीसारखं आहे, निमुळतं टोक पटांगणाकडे आणि रुंद बाजू बाहेर. टोकाशी राहतं घर, त्यामागे धान्याची कोठारं, मग भाजीचा मळा, फळझाडं आणि सर्वांत शेवटी ओकची राई. ही राई शोभेची नव्हती. वारा अडवायला, घरबांधणीला लाकूड पुरवायला आणि डुकरांना ओकची फळं चारायला ती राखलेली असे.

एका छपराखाली

पटांगणाकडे तोंड करून उभी असलेली ही घरं नुसती राहण्याची नव्हती. माणसं, गुरं आणि धान्य या तिन्हींची सोय एकाच छपराखाली करणारं हे घर म्हणजे उत्तर जर्मनीच्या शेतकऱ्याची शेकडो वर्षांची कमाई. दर्शनी त्रिकोणी भिंतीत मधोमध मोठं दार. भरलेली गाडी थेट आत यावी इतकं रुंद. आत गेल्यावर घराच्या लांबीभर पसरलेली, चोपून केलेल्या मातीच्या जमिनीची मोकळी जागा. धान्य झोडपायचं इथेच, गाडी उतरवायची इथेच, लग्नाची पंगत बसायची तीही इथेच. दोन्ही अंगांना गुरं आणि घोडी, तोंडं आतल्या बाजूला, म्हणजे चारा टाकणं सोपं. पलीकडच्या टोकाला चूल आणि माणसांच्या खोल्या. जुन्या घरांना धुराडं नसे. धूर माळ्यावरच्या धान्यातून आणि टांगलेल्या मांसातून वाट काढत बाहेर पडे आणि दोन्ही टिकवण्याचं काम करी.

सांगाडा लाकडाचा, खांब आणि तुळया एकमेकांत खाचा पाडून बसवलेल्या. मधले चौकोन पूर्वी काटक्यांच्या जाळीवर माती लिंपून भरत, पुढे विटा आल्या. जुन्या पद्धतीत छपराचा भार आतल्या दोन रांगांतल्या खांबांवर असे आणि बाजूच्या भिंती बुटक्या राहत. नंतर भार पेलणाऱ्या खांबांच्या चार रांगा आल्या, बाहेरच्या भिंती उंच झाल्या आणि माळ्यावर धान्याला भरपूर जागा मिळाली. साटेमिनची आजची घरं बहुतेक या नंतरच्या पद्धतीची, म्हणून ती इतकी भारदस्त दिसतात.

दाराच्या वरच्या तुळईपाशी मात्र थांबायलाच हवं. तिच्यावर कोरीव अक्षरांत घरधन्याचं नाव असतं, शेजारी बायकोचं नाव आणि तिचं माहेरचं आडनाव, सांगाडा उभा केला ती तारीख, बायबलमधलं एखादं वचन आणि कधी कधी सुताराचंही नाव. शेतकऱ्याच्या बायकोचं नाव दर्शनी तुळईवर कायमचं कोरून ठेवणारी ही चाल मला या घरांची सर्वांत मोठी श्रीमंती वाटते. साटेमिनमध्ये एकामागून एक तुळया वाचत गेलं तर एकच साल पुन्हा पुन्हा भेटतं, १८५०. त्याची हकीकत पुढे येईल.

गाव गोल का झालं?

या प्रश्नावर अभ्यासकांनी दीडशे वर्षं वाद घातला आहे. पहिलं उत्तर सुचतं ते संरक्षणाचं. एकच वाट, भोवती घरं, मध्ये गुरं कोंडायची, शत्रू आला की वाट बंद करायची. ऐकायला पटतं, पण घरांच्या मागची बाजू मळ्यांकडे आणि राईकडे सताड उघडी आहे. तिथून येणाऱ्याला कोण अडवणार?

दुसरं उत्तर वंशाचं. इथले मूळ रहिवासी वेंड, म्हणजे पश्चिम स्लाव्ह. त्यांच्यावरूनच मुलखाला वेंडलँड म्हणतात. तेव्हा गोल गाव ही त्यांची वडिलोपार्जित रीत असणार, असं बराच काळ मानलं गेलं. पण मग पूर्वेकडे स्लाव्ह प्रदेशात खोलवर अशी गावं भरपूर दिसायला हवी होती, आणि तशी ती दिसत नाहीत. ती आढळतात बाल्टिक समुद्रापासून एर्त्सगेबिर्गं डोंगरांपर्यंतच्या एका पट्ट्यात, जिथे मध्ययुगात जर्मन सत्ता आणि स्लाव्ह लोक एकमेकांना भिडले. उत्खननांतही आजच्या गोल गावांच्या जागी बाराव्या शतकाआधीच्या वस्तीच्या खुणा सहसा मिळत नाहीत.

आज बहुतेकांना मान्य असलेलं उत्तर या पट्ट्याच्या इतिहासातूनच निघतं. बाराव्या शतकात ल्यूशो आणि डाननबेर्ग इथल्या जर्मन काउंटांनी या मुलखात आपला अंमल बसवला. जमीन होती, पण सारा मिळायचा तर ती कसणारी स्थिर कुळं हवी होती. त्यांनी स्लाव्ह कुटुंबांना नव्या जागी वसवलं, जमिनी मोजून दिल्या आणि गाव आखून घेतलं. म्हणजे कसणारे हात स्लाव्ह आणि मोजणी जर्मन जमीनदाराची. अनेक गावांत प्रवेशवाटेच्या समोर शुल्त्सचं, म्हणजे गावप्रमुखाचं घर असे. येणाऱ्याजाणाऱ्यावर त्याची नजर राही आणि सारा वसुलीची जबाबदारीही त्याच्याकडे.

जागा निवडताना भूगोल बारकाईने पाहिलेला आहे. हिमयुगाने इथे मागे ठेवलेल्या वाळूच्या उंचवट्यांना लागून पाणथळ सखल भाग पसरलेले आहेत. रुंडलिंग बहुतेक या दोहोंच्या सीमेवर बसलेलं असतं. वरच्या कोरड्या अंगाला नांगरटीची जमीन, खालच्या ओल्या अंगाला कुरण आणि पाणी. गुरं सोडायला एका दिशेला जायचं, पेरणीला दुसऱ्या.

आणि सुरुवातीला वर्तुळ पुरं नव्हतंच. मोजकी घरं घोड्याच्या नालेसारखी अर्धगोल बसवलेली होती. पुढच्या शतकांत खातेफोड झाली. एका आवाराची दोन झाली, दोनाची चार. नव्या घरालाही पटांगणाकडे तोंड हवं होतं, कारण पटांगण सगळ्यांचं सामाईक आणि तिथूनच वाट. त्यामुळे आवारं निमुळती होत गेली, रिकाम्या जागा भरत गेल्या आणि वर्तुळ मिटत आलं. रुंडलिंगचा आकार असा दोन हातांनी घडला आहे. सुरुवात जमीनदाराच्या दोरीने केली, शेवट वाटण्यांनी केला.

यात चर्च कुठे, हे पाहण्यासारखं आहे. युरोपातल्या बहुतेक खेड्यांत ते मध्यभागी असतं. रुंडलिंगच्या मध्यावर ते जवळजवळ कधीच नसतं. अनेक गावांना मिळून एक चर्च असे. साटेमिनमध्ये ते आहे, शेतातल्या धोंड्यांचं मध्ययुगीन बांधकाम आहे, पण उभं आहे वर्तुळाबाहेर. गाव आधी ठरलं, चर्च नंतर आलं.

भाषा गेली, आखणी राहिली

या गावांत वसलेल्या वेंडांची भाषा पोलाबी. चर्चमध्ये जर्मन, कचेरीत जर्मन, बाजारात जर्मन. वेंड बोलीला गावंढळ मानलं जाई. सतराव्या शतकाच्या अखेरीस ती मोजक्या म्हाताऱ्यांपुरती उरली. तत्त्वज्ञ लाइबनित्स याला तिच्याविषयी कुतूहल वाटलं आणि ल्यूशोचा अधिकारी मिथोफ याने १६९१ मध्ये त्याला माहिती लिहून पाठवली.

वुस्ट्रो गावचे पाद्री क्रिस्टियान हेनिग यांनी या भाषेसाठी जे केलं ते मोठं आहे. त्यांनी जमवलेले शब्द आगीत जळाले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, क्लेनो गावच्या यानीशगं नावाच्या शेतकऱ्याला समोर बसवून शब्द विचारले आणि कोश सिद्ध केला. स्यूटेन गावचा शेतकरी योहान पारुम शुल्त्स यानेही अठराव्या शतकात स्वतःच्या बखरीत ही भाषा टिपून ठेवली. आपण आणि गावातली आणखी काही माणसं गेल्यावर साध्यासुध्या गोष्टींची वेंडी नावंही कोणाला ठाऊक राहणार नाहीत, हे त्याला कळून चुकलं होतं. एमेरेंट्स शुल्त्स नावाची बाई १७५६ मध्ये वारली. पोलाबी अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती म्हणून तिचंच नाव घेतात. साटेमिन, ग्युस्ट्रिट्स, क्लेनो, डोल्गो ही गावांची नावं तेवढी त्या भाषेची आजही रोज तोंडात आहेत.

आग, लिनन आणि गरिबी

लाकडी सांगाडे, पेंढ्याची छपरं, एकमेकांना खेटलेली दर्शनी टोकं. अशा गावाला आगीची भीती कायमची. १८५० मध्ये साटेमिन जळालं आणि जवळजवळ सगळं गाव बेचिराख झालं. त्या काळी जळालेली गावं पुन्हा बांधताना घरं दूर दूर, सरळ ओळीत घेण्याकडे अधिकाऱ्यांचा कल असे. साटेमिन मात्र पुन्हा गोल उभं राहिलं, तेही अगदी थोड्या काळात. दर्शनी तुळयांवर तेच ते साल वाचायला मिळतं ते यामुळे. एका वेळी, एका पद्धतीने बांधलेली ही घरं एकमेकांना इतकी शोभतात की पाहणाऱ्याला ती एकाच हातची वाटावीत.

एवढ्या झपाट्याने एवढी मोठी घरं बांधायला पैसा कुठून आला? जवसातून. वाळूच्या जमिनीत गहू यथातथा, पण जवस चांगला येई. हिवाळाभर घरोघरी सूत काढत, माग चालवत आणि लिननचं कापड बाहेर विकायला जाई. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेंडलँडला त्यावर बरकत होती. मग गिरणीचं सुती कापड आलं आणि हा धंदा बसला. साटेमिनची घरं त्या सुबत्तेच्या शेवटच्या वर्षांतली आहेत.

त्यानंतर या मुलखात फारसं काही बांधलं गेलं नाही, कारण ऐपत नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली तेव्हा हा जिल्हा पश्चिम जर्मनीच्या टोकाला गेला, तिन्ही बाजूंना पूर्व जर्मनीची सरहद्द. कारखानदार फिरकले नाहीत, तरुण शहरांकडे निघून गेले. रुंडलिंगचा पट्टा पूर्वी शेकडो किलोमीटरचा होता. इतरत्र रस्ते रुंद झाले, पटांगणं फुटली, नवी घरं आली. वेंडलँडमध्ये ते करायला पैसाच नव्हता, म्हणून गावं राहिली.

नुसत्या गरिबीने घर टिकत नाही, ते पडतं. ते सावरायला माणसं लागतात आणि ती आली एका लढ्याच्या निमित्ताने. १९७७ मध्ये सरकारने याच जिल्ह्यातल्या गोर्लेबेनच्या मिठाच्या थरांत अणुकचरा पुरायचं ठरवलं. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर रस्त्यावर आणले. शहरांतून विद्यार्थी, कलावंत, कुंभार, सुतार येऊन त्यांना मिळाले. १९८० च्या मे महिन्यात आंदोलकांनी खोदाईच्या जागेवर ‘वेंडलँडचं स्वतंत्र प्रजासत्ताक’ नावाची वसाहत उभारली आणि ती महिनाभर टिकली. आलेल्यांपैकी बरेच जण इथेच राहिले, पडीक घरं घेऊन त्यांनी ती दुरुस्त केली. २०२० मध्ये अणुकचऱ्याच्या संभाव्य जागांच्या यादीतून गोर्लेबेन वगळलं गेलं. स्थानिक शेतकरी आणि बाहेरून आलेले कारागीर यांच्या या सोबतीतूनच आजचं वेंडलँड घडलं आहे. १९८९ पासून इथे दर उन्हाळ्याच्या तोंडाला गावोगाव कलाकारांच्या कार्यशाळा आणि घरं लोकांसाठी खुली होतात आणि जुन्या गोठ्यांत प्रदर्शनं भरतात.

रुंडलिंगच्या जतनासाठी स्थानिक संस्था अनेक दशकं झटते आहे. युनेस्कोच्या यादीसाठीही प्रयत्न झाले, त्यांना यश आलेलं नाही. माझ्या मते ही गावं त्या मानाला पूर्ण पात्र आहेत. राजवाडा किंवा किल्ला जपावा हे सगळ्यांना पटतं. पण साध्या कुळांनी पिढ्यान्‌पिढ्या वाटून, जळून, पुन्हा बांधून टिकवलेली गावाची आखणी हाही तितकाच मोलाचा दस्तऐवज आहे. ज्यांची बोलती भाषा, राजे काहीच उरलं नाही, त्यांची जमीन वापरण्याची रीत इथे अजून जमिनीवरच वाचता येते.

जर्मनीला जाणाऱ्या मराठी वाचकाने हॅम्बुर्ग पाहून झाल्यावर दोन दिवस इकडे काढावेत. ल्यूनेबुर्गहून डाननबेर्गपर्यंत छोटी रेल्वे आहे, पुढे बस किंवा सायकल. आधी ल्यूबेल्न गावातलं रुंडलिंग संग्रहालय पाहावं, म्हणजे घराची रचना समजते. मग साटेमिनला जावं, पटांगणाला पायी एक फेरी मारावी आणि प्रत्येक तुळईवरची नावं वाचावीत. घरं राहती आहेत, तेव्हा आत डोकावण्याआधी विचारावं.