मेलानोमा : शस्त्रक्रियेनंतरची इम्युनोथेरपी

मेलानोमा हा त्वचेतल्या रंगपेशींचा कर्करोग. तो जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला असेल, तर गाठ पूर्ण काढल्यावरही नजरेला न दिसणाऱ्या पेशी शरीरात उरू शकतात आणि आजार उलटतो. आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींवर ‘पीडी-१’ नावाचा जणू ब्रेक असतो. कर्करोगाच्या पेशी नेमका तोच दाबून धरतात. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध तो सोडवते.

शस्त्रक्रियेनंतर याचा उपयोग होतो का, हे ‘कीनोट-०५४’ चाचणीत तपासले गेले. १,०१९ रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. एकाला दर तीन आठवड्यांनी शिरेतून २०० मिलिग्रॅम औषध, दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेले द्रव. जास्तीत जास्त १८ वेळा. २०१८मध्ये निष्कर्ष आले: वर्षभर आजार न उलटलेल्यांचे प्रमाण औषधाच्या गटात सुमारे ७५ टक्के, प्लासिबोच्या गटात ६१ टक्के.

मात्र मोकळी सुटलेली प्रतिकारशक्ती थायरॉइड, आतडी, फुप्फुसे, यकृत यांच्यावरही हल्ला करू शकते. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांना त्याचे गंभीर दुष्परिणाम झाले. म्हणून उपचारादरम्यान जुलाब, दम किंवा कमालीचा थकवा जाणवला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवावे.