मांजराला मधुमेह : ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका

तंजावूरच्या राजवाडा परिसरात आजही मराठी बोलणारी घरे आहेत. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी येथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ती टिकली. राज्य गेले, पण घरांतली मराठी बोली राहिली. जेवणे आटोपल्यावर मागच्या दारी मांजरासाठी दहीभाताचा घास ठेवणे तर मराठी काय नि तमिळ काय, दोन्ही घरांत चालतेच.

असे एखादे मांजर आठ-दहा वर्षांचे होते. अंगाने भरलेले, दिवसभर ओट्यावर लोळणारे. मग हळूहळू ते वाळू लागते. खाणे पूर्वीइतकेच, किंबहुना जास्तच. पण पाठीवरून हात फिरवला तर कणा बोटांना लागतो. घरची माणसे म्हणतात, ‘‘वय झालं आता त्याचं.’’ आणि विषय तिथेच संपतो.

पण हे वय नसून मधुमेह असू शकतो. माणसासारखा मांजरालाही मधुमेह होतो, तो वेळीच ओळखता येतो आणि त्यावर उपचारही आहेत. इतकेच नव्हे, तर लवकर उपचार सुरू झालेल्या कित्येक मांजरांचे इन्सुलिन पुढे बंदही करता येते. उशीर झाला, तर मात्र हाच आजार काही दिवसांत जीव घेऊ शकतो.

आधी नोंद, मग औषध

या राजवाड्याला प्राण्यांच्या वैद्यकाचा विषय नवा नाही. राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात गजशास्त्र आणि अश्वशास्त्र यांवरील हस्तलिखिते जपून ठेवली आहेत. दुसरे सरफोजीराजे (१७७७-१८३२) यांनी चालविलेल्या धन्वंतरी महालात माणसांबरोबरच जनावरांसाठीही औषधे बनविली जात. तेथे तपासलेल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, आजही पाहायला मिळतात. रोग्याची अवस्था काय होती, उपचारानंतर काय फरक पडला, हे कागदावर उतरविण्याची ती शिस्त होती.

मांजराच्या मधुमेहात घरच्या माणसांना हीच शिस्त उपयोगी पडते. मुक्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही. डॉक्टरांपुढे ते पाच-दहा मिनिटे असते, आपल्यापुढे मात्र दिवसभर. म्हणून आपण काय पाहिले, हेच निदानाचे पहिले साधन ठरते.

लक्षणे कशी ओळखाल?

मधुमेहाला तमिळमध्ये ‘नीरिळिवु’ म्हणतात. शरीरातले पाणी उतरून जाणे, असा त्याचा साधारण अर्थ. या एका शब्दात अर्धे लक्षण आले. रक्तातील साखर फार वाढली की ती लघवीवाटे बाहेर पडू लागते आणि जाताना आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. त्यामुळे लघवी वाढते आणि ती भरून काढण्यासाठी तहान वाढते. पेशींना साखर वापरता येत नाही, म्हणून पोटभर खाऊनही शरीर उपाशीच राहते आणि चरबी व स्नायू झिजू लागतात.

तेव्हा या गोष्टींकडे लक्ष ठेवा :

• मांजर वाटीतले पाणी संपवू लागले, बादलीत किंवा नळाखाली तोंड घालू लागले.

• वाळूच्या ट्रेमध्ये मोठे ओले गोळे दिसू लागले किंवा ट्रे सोडून घरात इतरत्र लघवी होऊ लागली. लघवीच्या जागी मुंग्या जमू लागल्या, तर तेही ध्यानात घ्या. मधुमेही माणसाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनीच लिहून ठेवले आहे. अर्थात मुंग्या नाहीत म्हणजे मधुमेह नाही, असे मात्र नव्हे.

• भूक चांगली असूनही वजन घटू लागले.

• केस रूक्ष झाले, अंग चाटून साफ ठेवणे कमी झाले.

• मागचे पाय लुळे पडल्यासारखे झाले. मांजर एरवी बोटांवर चालते. मधुमेहाने नसा दुबळ्या झाल्या की ते मागच्या पायांचे घोटे टेकून चालू लागते आणि त्याला उंच उडी मारता येईनाशी होते.

पाणी मोजायचे तर सकाळी मापाने भांडे भरा आणि दुसऱ्या दिवशी उरलेले मोजा. घरात एकच मांजर असेल तर हे सहज जमते. चार किलोचे मांजर दिवसाकाठी ४०० मिलिलिटरच्या वर पाणी पीत असेल, तर ते निश्चितच जास्त आहे. मात्र तेवढ्याची वाट पाहत बसू नका. नेहमीपेक्षा ठळक वाढ दिसली तरी तपासणी करून घ्या. वजनासाठी मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये मांजर घरातच असते. परसात किंवा गल्लीत फिरणाऱ्या मांजराची लघवी मात्र दिसत नाही. तेथे वजन हीच मोठी खूण. महिन्यातून एकदा तरी ते करावेच.

गोड न खाताही मधुमेह?

मांजराला गोडाची चवच कळत नाही. ती चव ओळखणारे एक जनुक मांजरकुळात निकामी झालेले आहे, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. मग त्याला मधुमेह कसा होतो? मांजर हा मुळात मांसाहारी प्राणी. त्याच्या शरीराची घडण प्रथिनांवर जगण्यासाठी झाली आहे. भात, पोळी यांतील पिष्ट पदार्थ मोठ्या प्रमाणात पचवून वापरण्यासाठी नव्हे. त्यात बैठे आयुष्य आणि लठ्ठपणा आला की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते आणि स्वादुपिंड थकून जाते.

सात-आठ वर्षांवरील, नसबंदी झालेले, वजनदार बोके यात अधिक सापडतात. खाज किंवा दमा यासाठी दिलेली स्टेरॉइडे आणि मांजरी माजावर येऊ नये म्हणून दिलेली काही संप्रेरकांची इंजेक्शने यांमुळेही मधुमेह उद्भवू शकतो. असे औषध पूर्वी दिले असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

एका आकड्यावर विसंबू नका

तहान आणि वजन घटणे ही लक्षणे मूत्रपिंडाच्या विकारात आणि थायरॉइड वाढल्यावरही दिसतात. म्हणून रक्ततपासणीला पर्याय नाही. पण येथेही एक मेख आहे. पिशवीत कोंबून, रिक्षातून, कुत्र्यांच्या भुंकण्यात दवाखान्यात आणलेले मांजर इतके घाबरते की निरोगी असूनही त्याची रक्तशर्करा ३०० च्याही वर जाऊ शकते. म्हणून एकदाच केलेल्या चाचणीवर निदान करीत नाहीत. लघवीतही साखर आहे का, हे पाहतात आणि फ्रुक्टोसामीन ही रक्तचाचणी करतात. तिच्यातून मागील दोन-तीन आठवड्यांतील साखरेची सरासरी कल्पना येते. दवाखान्यातल्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

तंजावूरकरांना यासाठी फार दूर जावे लागत नाही. सुमारे २५ किलोमीटरवरील ओरत्तनाड येथे २०१२ पासून तामिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे महाविद्यालय आहे. योगायोग असा, की सरफोजीराजांनी मुक्तांबाळ छत्र उभारले ते याच गावी. महाराष्ट्रात मुंबईतील परळ येथे १८८६ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही अशी महाविद्यालये आहेत.

इन्सुलिन : भीती नको, सावधगिरी हवी

टोरांटो येथे १९२१ मध्ये बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले, ते कुत्र्यांवर प्रयोग करून. जनावरांनी माणसाला दिलेले हे देणे आज जनावरांच्याही कामी येते. मांजराला बहुधा दर बारा तासांनी, दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचावे लागते. सुई अतिशय बारीक असते. मानेमागची किंवा कुशीवरची सैल कातडी चिमटीत धरून खाऊ घालता घालता टोचले, तर बहुतेक मांजरांना कळतही नाही. डॉक्टरांसमोर दोन-तीनदा सराव केला की कोणालाही हे जमते.

खरा धोका मापात आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या एका मिलिलिटरला ४० आणि १०० युनिट अशा दोन ताकदीच्या मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगवेगळ्या असतात. ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. १०० ताकदीचे औषध ४० च्या सिरिंजमध्ये भरले तर अडीच पट मात्रा जाईल आणि मांजर दगावू शकेल. कुपी आणि सिरिंज यांचा आकडा जुळतो आहे ना, हे दर वेळी पाहा.

कुपी फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. मांजर जेवले नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेहमीची मात्रा टोचू नका. टोचले की नाही याची शंका आली, तर पुन्हा टोचू नका. एक मात्रा चुकल्याने सहसा बिघडत नाही, दुप्पट झाल्याने बिघडते.

अलीकडे मांजरांसाठी तोंडाने द्यायची औषधेही निघाली आहेत. अमेरिकेत अशा पहिल्या गोळीला डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. पण ती प्रत्येक मांजराला चालत नाहीत आणि आधी इन्सुलिन घेतलेल्यांना तर ती धोक्याची ठरू शकतात. निर्णय डॉक्टरांचाच असावा.

ताटलीत काय असावे?

आहार हा निम्मा उपचार आहे. भात, पोळी, बिस्किटे आणि दूध बंद करून उकडलेले मासे, कोंबडी, अंडे किंवा मांजरांसाठीचे ओले डबाबंद अन्न द्यावे. कोरड्या दाण्यांत पिष्टाचे प्रमाण सहसा जास्त असते. नुसत्या माशांवर किंवा कोंबडीवर कायम ठेवले तर इतर पोषकद्रव्ये कमी पडतात, म्हणून आहार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. शाकाहारी घरांची येथे अडचण होते, हे खरे. पण मांजर दहीभात आवडीने खाते म्हणून तो त्याला मानवतो असे नाही. अशा घरांना डबाबंद अन्नाची वाट सोयीची पडते.

दोन पथ्ये मात्र पाळा. इन्सुलिन चालू असताना आहार एकाएकी बदलू नका. पिष्ट कमी झाले की इन्सुलिनची गरजही झपाट्याने घटते, म्हणून मात्रा त्याच वेळी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी लागते. आणि लठ्ठ मांजराला उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवसांच्या उपासानेही त्याच्या यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येतो. वजन उतरवायचे ते आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे पाच किलोच्या बोक्याचे सुमारे ५० ग्रॅम.

आजोबांची गोळी मांजराला नको

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. म्हणजे बहुतेक नातेवाइकांत कोणाच्या तरी घरी त्या गोळ्या असतातच. ‘अर्धी गोळी देऊन पाहू’ हा मोह टाळा. तसेच कारल्याचा रस, मेथीची पूड, काढे यांचेही. सरफोजीराजांच्या काळी संकलित झालेल्या औषधयोगांत मधुमेहावरील योगही आहेत. पण ते माणसांसाठी. मांजराचे यकृत अनेक द्रव्ये माणसाप्रमाणे निचरू शकत नाही.

या वेळी थांबू नका

मांजर इन्सुलिननंतर झोकांड्या देऊ लागले, थरथरले, गळून पडले किंवा त्याला झटके आले, तर साखर फार उतरली असे समजा. शुद्धीवर असेल तर लगेच खाऊ घाला. खाता येत नसेल तर मध किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांना चोळा; तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

याउलट मधुमेही मांजराने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या, श्वास जोराने चालू लागला किंवा तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येऊ लागला, तर रक्तात घातक आम्ले साचत आहेत असे समजा. अशा वेळी सकाळपर्यंत वाट पाहू नये.

एक वही, रोज पाच ओळी

घरात एक साधी वही घाला. तारीख, इन्सुलिनची वेळ आणि मात्रा, किती खाल्ले, किती पाणी प्याले आणि आठवड्याचे वजन एवढे पुरे. डॉक्टरांनी शिकविल्यास कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त ग्लुकोमीटरवर घेता येते. माणसांच्या यंत्रावर मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दिसते, म्हणून त्या आकड्याचा अर्थ डॉक्टरांकडून लावून घ्या आणि मात्रा आपल्या मनाने बदलू नका.

खर्च आहे, वेळेचे बंधन आहे, गावाला जाताना शेजाऱ्याला इंजेक्शन शिकवून ठेवावे लागते. पण पहिले काही महिने नेटाने काढले, की तहान कमी होते, वजन भरू लागते, लुळे पडलेले पायही बरेचदा हळूहळू सावरतात. ज्यांचे इन्सुलिन बंद होते त्यांचाही आहार आणि वजनाची नोंद मात्र चालूच ठेवावी लागते, कारण आजार परतू शकतो. तेव्हा आपले मांजर वाळू लागले आणि पाण्याच्या भांड्याशी घुटमळू लागले, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी त्याचे वजन करा, पाणी मोजा आणि ते आकडे घेऊन याच आठवड्यात पशुवैद्याकडे जा.