ताणमापन, आरोग्यसेवकांचे

रुग्णालयातील परिचारिका, डॉक्टर, तंत्रज्ञ इत्यादींच्या अंगावर लहान विद्युत् उपकरणे बसवून त्यांच्या शरीरक्रियांतील बदलांची सतत नोंद घेणे व तीवरून त्यांच्यावरील ताणाचा अंदाज बांधणे, या पद्धतीस ही संज्ञा लावतात. ‘मापन’ हा शब्द येथे काहीसा सैलपणे योजला जातो. कारण अंगावर धारण केलेला संवेदक प्रत्यक्ष ताण मोजीत नाही, तर ताणाबरोबर शरीरात जे घडते त्याचा काही भाग मोजतो.

संकटकाळी शरीर झुंजण्यास वा पळण्यास कसे सज्ज होते, हे अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखविले. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये, अपायाची कारणे भिन्न असली तरी शरीराचा प्रतिसाद एकाच धर्तीचा असतो, असे मांडले. या प्रतिसादात अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होऊन हृदयाचे ठोके वाढतात, तळहातांस घाम सुटतो आणि रक्तवाहिन्यांच्या आकुंचनामुळे बोटांचे तापमान उतरते. अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल लाळेतही आढळते; परंतु त्यासाठी दर वेळी नमुना घ्यावा लागतो.

हृदयक्रियेची नोंद हिंडत्याफिरत्या माणसाकडून मिळविण्याचा मार्ग नॉर्मन हॉल्टर यांनी खुला केला. त्यांचे आरंभीचे उपकरण सु. ३८ किग्रॅ. वजनाचे असून पाठीवर वाहावे लागे. आता तेच काम छातीवरील पट्टी किंवा मनगटी पट्टा करतो. मनगटी पट्ट्यातून त्वचेवर बहुधा हिरवा प्रकाश टाकतात व परावर्तित प्रकाशातील चढउतारांवरून नाडी ओळखतात. निरोगी माणसाच्या दोन ठोक्यांतील अंतर सदैव सारखे नसते, ते श्वासागणिक किंचित कमीजास्त होते. ताणाखाली ही विचलता सामान्यतः घटते. घामामुळे वाढणारी त्वचेची विद्युत् संवाहकता मायक्रोसीमेन्समध्ये मोजतात. हालचाल टिपण्यासाठी प्रवेगमापक असतो.

प्रयोगशाळेत बसलेल्या माणसावर ही पद्धत बरी चालते. रुग्णालयात तिची खरी परीक्षा होते. अत्यवस्थ रुग्णाकडे धावत गेलेल्या परिचारिकेची नाडी श्रमाने वाढली की काळजीने, हे केवळ नाडीवरून सांगता येत नाही. रबरी हातमोजे व संरक्षक पोशाख यांमुळे येणारा घाम संवाहकता वाढवितो. वारंवार हात धुतल्याने विद्युत् अग्रांचा त्वचेशी असलेला संपर्क बिघडतो. शिवाय इंग्लंडमध्ये जंतुसंसर्ग टाळण्यासाठी रुग्णसेवेच्या वेळी कोपराखालील हात उघडे ठेवण्याचा नियम २००८ पासून रूढ झाला. मनगटी घड्याळासही तेथे मज्जाव असल्यामुळे असा पट्टा वापरणे अवघड होते. रात्रपाळीमुळे झोपेचे चक्र विस्कळित झालेल्या व्यक्तीची विश्रांतीची मूळ पातळी कोणती मानावी, हाही प्रश्न उरतोच.

अमेरिकेत लॉस अँजेल्स येथील एका रुग्णालयातील २१२ कर्मचाऱ्यांकडून २०१८ मध्ये १० आठवडे अशा नोंदी घेण्यात आल्या. कोव्हिड-१९ च्या साथीत केलेल्या दुसऱ्या एका पाहणीत १५ परिचारिकांच्या सु. १,२५० तासांच्या नोंदी जमविण्यात आल्या. ही सामग्री २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. यंत्राने ताणाचा संशय दर्शविलेल्या प्रसंगांविषयी परिचारिकांना प्रश्नावलीद्वारे विचारण्यात आले. रुग्णाची गंभीर अवस्था, नातेवाईक, सहकारी, वाढलेले काम, साहित्याचा तुटवडा अशी कारणे त्या प्रश्नावलीत अंतर्भूत होती. यंत्रापेक्षा ही विचारणाच अधिक मोलाची म्हणावी लागेल. आलेखातील उंचवटा कशाचा, याचे उत्तर तीतूनच मिळते. ही कारणे बहुतांशी रुग्णालयाच्या व्यवस्थेत असतात, आकडा मात्र परिचारिकेच्या नावावर नोंदला जातो. तो वरिष्ठांच्या हाती गेल्यास पाळ्यांची फेररचना होऊ शकते, तशीच ती व्यक्ती ‘कामाचा भार न पेलणारी’ ठरविलीही जाऊ शकते. म्हणून संशोधनात नावे वगळून नोंदी ठेवतात व सहभाग ऐच्छिक असतो.

यूरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायद्याने कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या भावना यंत्राद्वारे ताडण्यास, वैद्यकीय व सुरक्षाविषयक कारणे वगळता, मनाई केली असून ही तरतूद फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. वेदना व थकवा यांसारख्या शारीरिक अवस्था तीत मोडत नाहीत. ताण या दोहोंच्या सीमेवर पडतो.