घर, अंगण आणि विहीर
(इंदूरच्या गावाबाहेरील वस्त्यांचा विचार)

आपल्या सभासदांपैकी पुष्कळांची घरे इंदूरच्या तुकोगंज, मनोरमागंज, स्नेहलतागंज यांसारख्या भागांत आहेत किंवा होती. होळकर घराण्यातील व्यक्तींची नावे धारण करणाऱ्या या वस्त्या जुन्या गावाबाहेर मोकळ्या जमिनीवर वसल्या. त्या अशाच का वसल्या, हे समजले म्हणजे आज घराची पुनर्बांधणी करताना काय राखावे हेही समजते.

राजवाड्याभोवतालच्या गल्ल्यांतील घरे भिंतीला भिंत लावून उभी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगच्या साथींनी अशा दाट वस्त्यांना ग्रासले. घरात धान्याच्या कोठ्या, कोठ्यांपाशी उंदीर, आणि उंदरांच्या अंगावरील पिसवांतून रोग माणसांत शिरे. साथ आली की कुटुंबे गावाबाहेर झोपड्या घालून राहत. घरांमध्ये अंतर असावे, ऊन व वारा आत यावा, ही जाणीव त्यातूनच दृढ झाली.

या जाणिवेला शास्त्राची जोड पॅट्रिक गेडिस यांनी दिली. हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबारासाठी त्यांनी केलेला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. सरसकट पाडापाडी त्यांना मान्य नव्हती. मोजकी मोडकी घरे काढून चौक मोकळा करावा, त्यात झाड लावावे आणि बाकीची वस्ती राखावी, असे त्यांचे मत होते. दिवाळीत त्यांनी स्वच्छतेची मिरवणूकही काढविली आणि तीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा मिरविली. अंगणातील तुळशीचे त्यांना मोठे कौतुक होते. तुळशीभोवतीची जागा रोज झाडली व सारवली जाते, तेव्हा घराच्या आरोग्याची राखण गृहिणीच करते, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या घराची मांडणीही या दृष्टीने पाहावी. पुढील ओटा ही घराची आणि आळीची सामाईक बैठक होय. ओसरीमुळे उन्हाची तिरीप आतल्या खोल्यांत थेट येत नाही. परसात विहीर असते, आणि न्हाणीचे पाणी केळी-अळूच्या वाफ्यांत मुरते. सारांश, पाणी घरातून निघाले तरी आवाराबाहेर जात नाही. शेजारच्या घरीही हीच सोय असल्यामुळे साऱ्या आळीच्या विहिरींना पाझर राहतो. एका घराची शिस्त ही अशा रीतीने शेजाऱ्याची मिळकत ठरते.

१९७८ मध्ये सुमारे ७० किलोमीटरांवरून नर्मदेचे पाणी शहरात आले आणि घरोघरच्या विहिरी मागे पडल्या. कित्येकींवर फरशी पडली, आणि खाली विहीर आहे याचाही विसर पडला. या विसराची किंमत किती भयंकर असते, हे ३० मार्च २०२३ रोजी रामनवमीस दिसले. स्नेहनगर भागातील एका मंदिरात बावडीवरील फरशी खचली व ३६ जण प्राणास मुकले.

आता जुन्या बंगल्यांच्या जागी मजल्यांवर मजले चढत आहेत. वाढत्या कुटुंबास जागा हवी, ही गरज खोटी नव्हे. परंतु नकाशा काढवून घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. आवारातील विहीर कोठे आहे हे वडीलधाऱ्यांस विचारून कागदावर नोंदवावे. ती कचऱ्याने बुजवू नये, तिच्यावर मजबूत जाळी बसवावी आणि वर बैठक करू नये. छपराचे पाणी गाळून तिच्यात सोडावे. इंदुरास वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस धरला, तरी १०० चौरस मीटर छपरावर ९० हजार लिटर पाणी पडते. तिसरे असे की, सारे आवार फरसबंद न करता एक झाड व एक वाफा यांपुरती माती उघडी ठेवावी.

२०१७ पासून स्वच्छतेबद्दल इंदूरचे नाव देशभर झाले, याचा आपणांस अभिमान आहे. रस्ता नगरपालिका झाडील. अंगण मात्र ज्याचे त्यानेच राखावयाचे आहे. मुलांना घराचा वाटा देताना वडिलांनी विहिरीची जागाही दाखवून द्यावी, एवढीच विनंती.